बिबिसारा-खालाची ताडपत्री

लग्न शनिवारी होतं आणि बुधवारी सकाळी कुमरीला तापमापक तीनदा वाचावा लागला. पहिल्यांदा तिने पारा पाहिला, पण नोंदवायच्या आत मध्येच उरोलचा विचार आला. दुसऱ्यांदा आकडा पाठ केला, तो पेटीचं दार लावताना विसरला. तिसऱ्यांदा तिने आकडा मोठ्याने म्हटला, "एकोणतीस!", तेव्हा कुंपणापलीकडून एका शेळीने ओ दिली. मग कुमरी त्या पांढऱ्या जाळीदार पेटीला टेकून एकटीच हसत सुटली, आणि हसणं थांबेपर्यंत पारा आणखी थोडा चढला होता.

कोशबुलोकच्या लोकांना कुमरीचं हसणं नवीन होतं. ताशकंदला शिकून ती गावी परत आली आणि टेकडीवरच्या हवामान चौकीत नोकरीला लागली, त्याला आठ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'नक्की' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. उद्या सूर्य उगवेल का असं विचारलं तर ती 'शक्यता चांगली आहे' म्हणेल, अशी तिची ख्याती. प्रांताच्या कचेरीचा अंदाज रेडिओवर यायचा, पण तो साऱ्या प्रांताचा. आपल्या टेकडीचं, आपल्या ओढ्याचं काय, हे लोक कुमरीलाच विचारायचे. ती चार शब्दांत सांगायची: दक्षिणेचा वारा आहे, धूळ येईल, कपडे आत घ्या.

उरोल खालच्या गावचा जनावरांचा डॉक्टर. चौकीच्या कुंपणात एका शेळीचं डोकं अडकलं होतं, ते सोडवायला आला. मग पुन्हा आला. मग इतक्यांदा आला की चौकीतला दुसरा निरीक्षक, म्हातारा एसान-आका, शेवटी म्हणाला, "पोरा, ह्या गावातल्या शेळ्या इतक्या आजारी नाहीत रे."

त्या दिवशी दुपारच्या आतच चौकीच्या फाटकाशी दोन बायका एकदम आल्या. एक बिबिसारा-खाला, उरोलची आई; अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. दुसरी वरच्या गावची खदिचा-आपा, कोणीही न निवडलेली टरबूजवाल्यांची पुढारीण. वरचं गाव आणि खालचं गाव यांच्यामध्ये एक ओढा आणि एक पूल. खालच्या गावाला झऱ्याचं पाणी होतं; वरच्या गावची टरबुजं आभाळाच्या भरवशावर. दोघी चढावर एकमेकींना भेटल्या होत्या आणि भांडायला तिथूनच सुरुवात झाली होती.

"तूच सांग हिला," बिबिसारा-खाला धापा टाकत म्हणाली. "उद्या ह्या बायका सुस खोतिन काढतायत! उद्या!"

"मग काय करू?" खदिचा-आपा म्हणाली. "टरबुजं बघितलीस का माझी? मुठीएवढी आहेत. तीही माझ्या नातवाच्या मुठीएवढी. आणि नातू अजून रांगतो."

"रविवारी काढा ना! शनिवारी माझ्या अंगणात चारशे माणसं जेवायला बसायचीत. तुम्ही उद्या बाहुली भिजवणार, आणि ती बया बरोबर माझ्या पुलावावर पाऊस पाडणार!"

"बाहुलीला काय ठाऊक तुझ्याकडे लग्न आहे ते?"

"तिला काहीच ठाऊक नसेल तर तिच्याकडे पाऊस तरी कशाला मागता?"

सुस खोतिन म्हणजे दोन काठ्यांची उंच बाहुली. तिला एखाद्या म्हाताऱ्या बाईचा जुना झगा चढवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा आणि पाऊस लांबला की बायकांनी तिला घेऊन गात गात दारोदार फिरायचं. प्रत्येक घरच्या बाईने तिच्यावर पाणी ओतायचं. पुरुषांनी तेवढा वेळ घरात बसायचं आणि बाहेर डोकावायचंसुद्धा नाही.

फाटकाशी बराच वेळ घासाघीस झाली. बिबिसारा-खाला म्हणाली, बादली नको, तांब्या. खदिचा-आपा म्हणाली, तांब्यात काय भिजणार, बाही? बिबिसारा-खाला म्हणाली, बाही भिजली तरी रविवारचा पाऊस होतो. शेवटी प्रत्येक घरामागे अर्धा तांब्या यावर दोघी आल्या, आणि दोघींनी कुमरीकडे पाहिलं.

"तू शिकलेली," बिबिसारा-खाला म्हणाली. "अर्ध्या तांब्याला पाऊस किती दिवसांनी येतो?"

कुमरीने चेहरा शक्य तितका सरळ ठेवला. "खाला, त्याचं मोजमाप अजून कोणी केलेलं नाही."

"मग आठ वर्षं वर बसून करतेस तरी काय?"

खदिचा-आपा जिंकल्यासारखी निघून गेली. बिबिसारा-खाला मात्र फाटकाला हात लावून उभी राहिली आणि तिचा आवाज खाली आला. "हे बघ पोरी. कापसाच्या गोदामातली ताडपत्री मागून ठेवलीय मी. अख्खं अंगण झाकेल एवढी. ऊन असलं आणि ती लावली, तर चारशे माणसं तिच्याखाली भाजून निघतील आणि लोक म्हणतील बिबिसाराने सुनेला गोदामात आणलं. पाऊस आला आणि ती लावलेली नसली, तर काय म्हणतील ते तर विचारूच नकोस. सत्तोर म्हणतो, रेडिओ सांगेल तसं करू. त्याला मी म्हटलं, माझी सून येतेय ना हवेच्या घरातून, तिला विचारीन."

सत्तोर-अमाकी हा उरोलचा चुलता. भावाच्या मागे घरातल्या प्रत्येक लग्नाचा कारभार त्याने स्वतःकडे घेतला होता.

"ते काय म्हणाले?" कुमरीने विचारलं.

"म्हणाला, सुनेच्या शब्दावर मांडव घालणारं घर मी अजून पाहिलं नाही, बघू या." बिबिसारा-खालाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तेव्हा तू मला सांगायचंस. आणि मी ऐकणार."

"आज काहीच दिसत नाही, खाला. शुक्रवारी सांगेन."

"नक्की?"

"शुक्रवारी सांगेन हे नक्की," कुमरी म्हणाली, आणि आपण तो शब्द वापरला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

गुरुवारी तिची रजा सुरू झाली. ती आईबरोबर बोयसुनला कपड्यांच्या खरेदीला गेली आणि चौकी एसान-आकाच्या ताब्यात राहिली. तिच्यामागे काय घडलं ते तिला एक दिवस उशिरा कळलं, आणि तेही रेडिओवरून.

शुक्रवारी सकाळी ती वरच्या गावात आईच्या घरी गादीवर उताणी पडली होती. दोन मैत्रिणी तिच्या भुवयांवर हिरव्या पानांचा रस लावत होत्या. डावी भुवई झाली होती, उजवी व्हायची होती. कोपऱ्यात रेडिओ लागला होता. बातम्या संपल्या आणि निवेदिका म्हणाली, "कोशबुलोक परिसरात काल चांगला पाऊस झाला असून, डोंगरपायथ्याला येत्या दोन दिवसांत ठिकठिकाणी सरींची शक्यता आहे."

"काल?" एक मैत्रीण म्हणाली. "आपल्याकडे?"

"मी काल अंगणात गालिचे धुऊन वाळत घातले," दुसरी म्हणाली. "तासाभरात खडखडीत."

रस्त्यावर एकच कल्ला झाला. खदिचा-आपाचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "ऐकलंत? पाऊस झाला! कुठे झाला ते जाऊ द्या, सरकारने मान्य केलं ना!"

कुमरी उठून बसली. कुणी काही म्हणायच्या आत ती चपला अडकवून दाराबाहेर पडली आणि एक भुवई हिरवी, एक कोरी अशी टेकडी चढू लागली.

एसान-आका चहा पीत होता. तिला पाहून त्याने प्याला खाली ठेवला. "काय गं? नवरी अशी उन्हात?"

"आका, काल पाऊस कुठून आला?"

"ते मला काय माहीत? मापकात होता. मोजला. कळवला."

"आभाळ कसं होतं?"

"निरभ्र. तेही कळवलं."

"निरभ्र आभाळातून एवढा पाऊस?"

"तिकडून फोन आलाच की, असं कसं म्हणून. मी म्हटलं, साहेब, मी बघत बसलो नव्हतो. मापकात पाणी आहे तर पाणी आहे." मग त्याने आवाज उतरवला. "त्या वेळी बायका आल्या होत्या कुंपणाच्या आत. ती बाहुली घेऊन. मी दार लावलं, पडदा ओढला आणि गाणं कानावर नको म्हणून रेडिओ मोठा केला. सत्तरी गाठली मी, अजून एकदाही बघितलेलं नाही. कालच कशाला बघू?"

कुमरी अंगणात गेली. पर्जन्यमापकाभोवतीची माती अजून काळसर होती आणि त्याच्या काठाला जुन्या झग्याचा एक लाल धागा चिकटला होता. बायकांनी बाहुली नेमकी तिथेच उभी केली होती, कारण सपाट जागा तेवढीच. करार होता घरामागे अर्ध्या तांब्याचा. चौकी हे घर नव्हे, असा खदिचा-आपाने निवाडा दिला असणार. इथे बादल्या झाल्या होत्या.

कुमरीला आधी राग आला. मग तिच्या डोळ्यांपुढे एसान-आका आला, पडद्याआड बसलेला, रेडिओ मोठा करून; आणि बाहेर बायका पाऊस पाडतायत; आणि मग तो घड्याळ बघून बाहेर येतो आणि तो पाऊस दशांश चिन्हासकट कळवतो. ती मापकाशेजारी जमिनीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हिरवा रस गालावर उतरला.

मग आत जाऊन तिने प्रांताच्या कचेरीला फोन लावला.

"कोशबुलोक बोलतेय. आमचा कालचा पाऊस रद्द करा."

"म्हणजे? झाला नव्हता?"

"नव्हता. पाणी होतं."

"ताई, पाऊस म्हणजे पाणीच की."

"वरून पडलेलं नव्हतं. म्हणजे वरूनच पडलं होतं, पण फार वरून नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तिकडच्या माणसाने सभ्यपणे विचारलं, "तुमचं लग्न उद्या आहे ना?"

"हो."

"अभिनंदन. दुरुस्ती लिहून घेतो."

फोन ठेवून ती वळली आणि सवयीने तिची नजर वायुभारमापकावर गेली. काटा उतरला होता. कालच्यापेक्षा थोडा नव्हे, चांगलाच. तिने ओल्या फडक्याचा तापमापक पाहिला, कोरडा पाहिला, वजाबाकी केली. हवेत दमटपणा होता, आणि जूनमध्ये कोशबुलोकच्या हवेत तो नसतो. ती पुन्हा बाहेर आली. पश्चिमेला डोंगराच्या रांगेवर, इतक्या सकाळी, लहान लहान ढगांची एक ओळ उभी होती. तळ सपाट आणि वरती बुरूज फुटलेले. सकाळी असे बुरूज दिसले की दुसऱ्या दिवशी दुपारी काय होऊ शकतं ते तिने पुस्तकात वाचलं होतं आणि इथे आठ उन्हाळे पाहिलंही होतं. वाऱ्याने दक्षिण सोडली होती.

उद्या पाऊस होता. खरा. आणि पाऊस नाही असं तिने आत्ताच सगळ्या प्रांताला सांगून टाकलं होतं.

दुपारच्या बातम्यांत दुरुस्ती आली: कोशबुलोकला पाऊस झालेला नाही, हवा कोरडी आणि तापलेली राहील. वरच्या गावात खदिचा-आपा रेडिओला बोल लावू लागली. खालच्या गावात सत्तोर-अमाकीने अर्धी चढवलेली ताडपत्री उतरवून घडी घालायला लावली. हे उरोलने फोनवर सांगितलं, आणि पुढे म्हणाला, "आई गप्प आहे. आई गप्प बसली की मला भीती वाटते."

"फोन तिला दे."

"तू काय सांगणार आहेस?"

"दे तिला."

लग्नाआधी नवरीने सासरच्या दारात पाऊल टाकायचं नसतं, त्यामुळे जे बोलायचं ते फोनवरच बोलणं भाग होतं. पलीकडून भांड्यांचा आवाज आला, मग बिबिसारा-खालाचा. "बोल."

"खाला, ताडपत्री लावा."

"आत्ताच उतरवली. रेडिओ म्हणतो पाऊस नाही. सत्तोर म्हणतो, ते तूच त्यांना सांगितलंस."

"मीच. कालचा पाऊस खोटा होता, तो मी रद्द केला. उद्याचा खरा आहे."

"पोरी, तू हवामान सांगतेस की सौदा करतेस? सकाळी आहे, दुपारी नाही, आता परत आहे!"

"काल पाऊस पडला नाही, ही झालेली गोष्ट. ती मी खरी करून सांगितली. उद्या पडेल, हा माझा अंदाज आहे. दोन्ही वेगळं आहे."

"तुला खात्री आहे?"

इथे कुमरीला नुसतं 'हो' म्हणता आलं असतं. तिने श्वास घेतला. "दहापैकी सात."

"कसले दहा?"

"उद्यासारखे दहा दिवस आले, तर सात दिवस पाऊस येईल. तीन दिवस येणार नाही."

"माझ्याकडे उद्यासारखे दहा दिवस नाहीत गं! माझ्या मुलाचं लग्न एकदाच आहे!"

"माझंही," कुमरी म्हणाली.

पलीकडे कोणीतरी हसलं, बहुतेक उरोल. बिबिसारा-खाला हसली नाही. "आणि तो माझ्याच अंगणात पडेल?"

"तेही सांगता येत नाही. उन्हाळ्यातला ढग लहान असतो. एका गल्लीत पडतो, दुसऱ्या गल्लीत धूळ."

"असं मला सांगायला तुझ्या आईने तुला ताशकंदला धाडलं?" आणि फोन ठेवला गेला.

कुमरी हातात फोन घेऊन बसून राहिली. तिला भिजण्याची भीती नव्हती. खाला तिचा शब्द मानणार नाही, आणि मग त्या घरात तिचा शब्द म्हणजे एक गंमत होऊन राहील, सत्तोर-अमाकीच्या हातात, वर्षानुवर्षं, प्रत्येक चहाबरोबर. भीती त्याची होती. आणि खालाने शब्द मानला आणि उरलेल्या तीनांतला दिवस निघाला, तर त्याहून वाईट. तेव्हा गंमत खालाची होणार होती.

मैत्रिणींनी तिला पुन्हा आडवं केलं आणि उजवी भुवई पूर्ण केली.

शनिवार उजाडला तोच तापलेला. रिवाजाप्रमाणे सकाळी पुरुषांची पुलावाची पंगत आटोपली तरी आभाळ स्वच्छ होतं. कुमरी पांढऱ्या पोशाखात आईच्या घरी खिडकीशी बसली होती. उरोलचा पहिला निरोप आला तेव्हा तिने तो दोनदा वाचला. 'ताडपत्री लावली. आईने स्वतः दोर ओढले. काका म्हणतो, आपण कापूस आहोत.'

मग दुसरा आला. 'आत चाळीसच्या वर असेल. काका पंखा घालत फिरतोय आणि प्रत्येकाला विचारतोय, छत्री आणलीत का?'

मग तिसरा. 'काका म्हणतो, सूनबाईंनी रविवारचं चांदणं सांगितलं तर आम्ही आत्ताच झोपू. लोक खूप हसतायत. आई कोणाशीच बोलत नाहीये. मी निघालो तुला आणायला.'

"काय झालं?" आईने विचारलं. "रडतेस?"

"नाही," कुमरी म्हणाली. तिने मान वर करून पश्चिमेकडे पाहिलं. डोंगरावरचा एक बुरूज आता बुरूज राहिला नव्हता. त्याला माथा फुटला होता, माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला होता, आणि त्याचा तळ काळा होता. तो वरच्या गावाकडेच येत होता. नवरीचा सगळा डौल विसरून तिने खिडकीच्या चौकटीवर बुक्का मारला. "ये! ये, ये, ये!"

"अगं, नवरा येतोय, जरा हळू," आई म्हणाली.

दोघेही एकदम आले. गल्लीच्या तोंडाशी वरातीच्या गाड्या थांबल्या, करनाईवाल्यांनी आपले माणसाहून लांब पितळी कर्णे आभाळाकडे उचलले, पहिला सूर फुंकला, आणि आभाळ फाटलं. पहिल्यांदा थेंब पडले ते अक्रोडाएवढे. मग थेंब मोजण्यासारखे राहिले नाहीत. मध्येच गारा आल्या आणि गाड्यांच्या टपांवर ढोलकीवाल्याला हरवून गेल्या. करनाईवाले मानी माणसं. त्यांनी कर्णे खाली केले नाहीत. आभाळाकडे तोंड केलेल्या कर्ण्यांत पाणी भरत गेलं, आणि लग्नाची ललकारी म्हशीच्या गुळण्यांसारखी ऐकू येऊ लागली. उरोल नव्या सुटात चिखलात उभा राहून हसत होता. गल्लीतून खदिचा-आपा हात पसरून नाचत आली आणि तिने जो समोर दिसला त्याला मिठी मारली. तो एसान-आका होता. त्याने घाईघाईने डोळे मिटून घेतले.

"छत्री धरा कुणीतरी नवरीवर!" आई ओरडली.

"नको!" कुमरी म्हणाली. "छत्री नको."

ती दारातून गाडीपर्यंत सावकाश चालत गेली. इतक्या सावकाश की मैत्रिणींना ती लाजतेय असं वाटलं. ती लाजत नव्हती. तिच्या झग्याच्या घेराला पाणी प्यायला वेळ लागत होता, आणि तो वेळ ती त्याला देत होती.

"भिजलीस पार," उरोल गाडीत म्हणाला.

"अजून पुरेशी नाही," कुमरी म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

पुलापर्यंत पाऊस त्यांच्याबरोबर होता. पुलाच्या मध्यावर तो संपला. आखून दिल्यासारखा संपला. गाडीच्या मागच्या काचेवर धारा, पुढच्या काचेवर ऊन. खालच्या गावच्या रस्त्यावर चाकांमागे धूळ उठू लागली. उरोलने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "आता?"

"आता चल लवकर," कुमरी म्हणाली. "मी वाळायच्या आत."

अंगणात ताडपत्रीखाली चारशे माणसं घाम पुसत बसली होती. बाहेर लख्ख ऊन. मांडवाच्या दाराशी सत्तोर-अमाकी उभा होता आणि त्याच्याभोवती हसणाऱ्यांचं कोंडाळं. "सावध राहा मंडळी," तो म्हणत होता, "सूनबाईंचा पाऊस आहे, दिसत नाही, पण लागतो..."

तेवढ्यात पहिली गाडी वळली. तिच्या टपावर गारांचा थर होता. त्यावर ऊन पडलं होतं. मागच्या गाडीतून करनाईवाले उतरले, त्यांनी कर्णे उलटे केले, आणि प्रत्येकातून बादलीभर पाणी अंगणाच्या कोरड्या मातीत पडलं. कोंडाळं पांगलं. मग कुमरी उतरली. तिच्या पायांपुढे अंथरलेल्या रेशमी कापडावर तिचं प्रत्येक पाऊल ओलं उमटत गेलं, आणि झग्याच्या घेरातून मागे पाण्याची रेघ येत राहिली.

रिवाज असा की सासरच्या अंगणात नवरी त्या दिवशी बोलत नाही. ओढणीआडून मान झुकवते, तेवढंच. कुमरीने मान झुकवली. ओढणीच्या टोकावरून पाणी टपकलं.

बिबिसारा-खाला पुढे आली. तिने सुनेच्या ओढणीचं टोक दोन्ही हातांत घेतलं आणि चारशे माणसांसमोर, सत्तोरकडे एकटक बघत, पिळलं. पाणी बराच वेळ पडत राहिलं. तिचा चेहरा अजून कठोर होता, पण खांदे हलू लागले होते. मग ती कुमरीजवळ वाकली आणि ओठ न हलवता तिने विचारलं, "इथे येतोय?"

कुमरीने ओढणीआडून पुलाकडे पाहिलं. ढगाची काळी कड ओढ्यावर झुकली होती. समोरून गार वाऱ्याचा झोत आला आणि ताडपत्री एकदा फुगून खाली बसली.

"येतोय," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण पहिल्या रांगेने ऐकलं, आणि नवरी बोलली हे पाहून सगळेच गप्प झाल्यामुळे मागच्यांनीही ऐकलं. "पाव तास. कमीच. नान आधी आत घ्या, आई. आणि चुलीवर झाकणं."

"ऐकलंत ना?" बिबिसारा-खाला सरळ उभी राहिली आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडे गेला. "माझी सून म्हणतेय पाव तास! नान आत! झाकणं! बाकं मधे ओढा! बघत काय बसलात?"

चारशे माणसं एकदम उठली. टोपल्या डोक्यावरून जाऊ लागल्या, म्हाताऱ्या आपापल्या गाद्या घेऊन सरकल्या, आचारी धावले, आणि एवढा वेळ गुदमरलेली माणसं गार वाऱ्यात मोठमोठ्याने हसू लागली. करनाईवाल्यांनी फुंकून पाहिलं; कर्ण्यातून अजून बुडबुडे येत होते, पण त्यावर नाचायला कुणाची हरकत नव्हती. सत्तोर-अमाकी क्षणभर एकटाच मांडवाच्या दारात उभा होता. मग ताडपत्री पुन्हा फुगली, उत्तरेकडचा कोपरा फडफडला, आणि त्याने कोट काढून कुणाच्या तरी अंगावर फेकला आणि शिडी ओढली. वर चढून त्याने दोन दोरखंड हातात धरले, एकदा ढगाकडे पाहिलं, एकदा खाली अंगणात.

"सूनबाई!" तो ओरडला. "आधी कुठला आवळू? हा की तो?"

आणि नवरीने ओढणीतून ओला हात बाहेर काढून वारा येत होता त्या बाजूचा दोर दाखवला.